पंतप्रधान ठरवणारा नेता स्वतःच्या गावात १,२८५ मतांनी पडला आणि तमिळनाडूतली काँग्रेस पुन्हा उठलीच नाही

फेब्रुवारी १९६७. देशात चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल लागत होते. मद्रास राज्यात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत, विरुधुनगर नावाचा एक विधानसभा मतदारसंघ आहे. तिथे द्रमुकच्या पी. श्रीनिवासन या तरुण विद्यार्थी नेत्याला ३३,४२१ मतं पडली. त्याच्या विरोधातल्या काँग्रेसच्या उमेदवाराला पडली ३२,१३६ मतं. फरक फक्त १,२८५ मतांचा.

आता एक आमदारकीची जागा गेली, त्यात एवढं काय?

तर पडलेल्या उमेदवाराचं नाव होतं के. कामराज. नऊ वर्षं राज्याचे मुख्यमंत्री, त्या वेळी अखिल भारतीय काँग्रेसचे अध्यक्ष आणि नेहरूंच्या नंतर लालबहादूर शास्त्री व इंदिरा गांधी या दोघांनाही पंतप्रधानपदावर बसवण्यात ज्यांचा शब्द शेवटचा ठरला तो माणूस. विरुधुनगर हे त्यांचं जन्मगाव. गावानेच त्यांना घरी बसवलं होतं.

या पराभवाला आता जवळपास साठ वर्षं होतील. तेव्हापासून तमिळनाडूत काँग्रेसचा मुख्यमंत्री झालेला नाही. आणि दिल्लीत, पुढे दोनच वर्षांत काँग्रेस फुटली त्याचा एक धागा याच निकालापर्यंत येतो. पण हे कळायचं असेल तर आधी कामराज नावाची ताकद कशी उभी राहिली ते बघावं लागतं.

मूठभर तांदळावर चालणारी शाळा

कामराज यांचा जन्म १५ जुलै १९०३ चा. घर नाडार समाजातलं. हा समाज परंपरेने ताडी काढणारा म्हणून ओळखला जायचा. दक्षिण तमिळनाडूतल्या कित्येक देवळांत त्यांना प्रवेश नव्हता. पण विरुधुनगरातले नाडार व्यापारात उतरले होते आणि त्यांनी आपल्या पोरांसाठी स्वतःची शाळा काढली होती. त्यासाठी घरोघरी रोजच्या तांदळातली एक मूठ बाजूला काढली जायची. त्यातून शाळेचा खर्च निघायचा. कामराज याच शाळेत शिकले.

पण फार काळ नाही. वडील लवकर वारले. घरची ओढाताण सुरू झाली आणि बारा वर्षांचे होता होताच शाळा सुटली. मामाच्या कापडाच्या दुकानात ते कामाला लागले. दुकानात बसून वर्तमानपत्रं ऐकायची, संध्याकाळी सभांना जायचं, असं करत पोरगा राजकारणात ओढला गेला. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर त्यांनी स्वतःला काँग्रेसच्या कामाला वाहून घेतलं ते कायमचं. लग्न केलं नाही. १९३० मध्ये राजाजींनी वेदारण्यमला मिठाचा सत्याग्रह केला, त्यात कामराज तुरुंगात गेले. पुढे वेगवेगळ्या आंदोलनांत मिळून आयुष्याची आठ-नऊ वर्षं त्यांनी तुरुंगात काढली.

त्यांचे राजकारणातले गुरू होते एस. सत्यमूर्ती. १९३६ मध्ये सत्यमूर्ती प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले तेव्हा त्यांनी कामराज यांना चिटणीस केलं. १९४० मध्ये उलटं झालं. कामराज अध्यक्ष झाले आणि गुरूने शिष्याच्या हाताखाली चिटणीस म्हणून काम केलं. त्यानंतर कामराज सलग बारा वर्षं मद्रास काँग्रेसच्या संघटनेवर पकड ठेवून होते. कोणत्या तालुक्यात कोण कार्यकर्ता आहे, त्याचं गावात वजन किती, त्याचं कुणाशी पटत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. भाषणं फार मोठी नसायची. इंग्रजी बेताचं, हिंदी येत नव्हतं. त्यांची भाषा होती तमिळ आणि ताकद होती संघटना.

सहावी शिकलेला मुख्यमंत्री

१९५३ मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी शाळांसाठी एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात घरच्या धंद्यात हात घालायचा. म्हणजे कुंभाराच्या पोराने चाक फिरवायचं आणि न्हाव्याच्या पोराने वस्तरा शिकायचा. ही जातीचा धंदा पोरांच्या गळ्यात बांधणारी योजना आहे, असा आरोप करत पेरियार आणि द्रमुक रस्त्यावर उतरले. काँग्रेसमधूनही विरोध झाला. शेवटी राजाजींना पायउतार व्हावं लागलं आणि १३ एप्रिल १९५४ ला कामराज मुख्यमंत्री झाले.

नेतेपदाच्या निवडणुकीत सी. सुब्रमण्यम त्यांच्याविरोधात उभे होते. एम. भक्तवत्सलम यांनी सुब्रमण्यम यांना पाठिंबा दिला होता. कामराज यांनी दोघांनाही मंत्रिमंडळात घेतलं. देवस्थानांचं खातं त्यांनी परमेश्वरन या दलित मंत्र्याकडे दिलं. ज्या समाजाला देवळाच्या दारात अडवलं जायचं, त्या समाजाचा माणूस आता देवळांचा कारभार बघणार होता.

राजाजींची शाळांची योजना रद्द झाली. बंद पडलेल्या शाळा उघडल्या आणि नव्या शाळा गावोगावी काढायचा धडाका सुरू झाला. तरी गरिबांची पोरं शाळेत येईनात. कारण सरळ होतं. पोरगं शाळेत बसलं तर दुपारी खाणार काय? मद्रास महापालिकेने पूर्वी लहान प्रमाणावर शाळेत जेवण द्यायचा प्रयोग केला होता. कामराज यांनी १९५६ पासून तो राज्यभर नेला. आज देशभर शाळेत जी खिचडी शिजते, महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलीसुद्धा, तिच्यामागे मद्रासचा हा अनुभव आहे.

सोबतीला धरणं, कालवे, गिंडीची औद्योगिक वसाहत, नेवेलीचा लिग्नाइट प्रकल्प, तिरुचीचा भेल कारखाना अशी कामं झाली. मुख्यमंत्री मात्र मद्रासमध्ये भाड्याच्या घरात राहायचे. आई विरुधुनगरलाच राहिली. नगरपालिकेने तिच्या घरात खास नळ जोडून दिला तेव्हा कामराज यांनी तो काढून टाकायला लावला, असं तिकडे आजही सांगितलं जातं.

अशा माणसाला पाडायचं कसं, हा प्रश्न द्रमुकपुढे होता.

पराभवातून शिकलेला विरोधक

द्रमुकचे नेते होते सी. एन. अण्णादुराई. १९४९ मध्ये त्यांनी पेरियार यांच्यापासून वेगळं होऊन हा पक्ष काढला. १९५७ मध्ये पक्ष पहिल्यांदा विधानसभेला उतरला आणि १५ आमदार निवडून आले.

कामराज सावध झाले. १९६२ च्या निवडणुकीत त्यांनी या १५ जणांवर नेमकी फिल्डिंग लावली. प्रत्येकाच्या मतदारसंघात त्याला भारी पडेल असा स्थानिक उमेदवार शोधला, पैसा आणि माणसं तिकडे वळवली. प्रयोग जबरदस्त यशस्वी झाला. १५ पैकी १४ जण पडले. कांचीपुरममध्ये खुद्द अण्णादुराई पडले. एकटे करुणानिधी तेवढे मतदारसंघ बदलून तंजावरमधून वाचले.

काँग्रेसला २०६ पैकी १३९ जागा मिळाल्या. गुलाल उधळायला हरकत नव्हती.

पण त्याच निकालात दुसरा एक आकडा होता. जुने १४ पडले तरी द्रमुकचे एकूण आमदार १५ वरून ५० वर गेले होते. काँग्रेसने माणसं पाडली होती, पक्ष वाढायचा थांबला नव्हता.

अण्णादुराई राज्यसभेत गेले आणि पुढची पाच वर्षं त्यांनी हिशोब मांडण्यात घालवली. काँग्रेसविरोधी मतं वेगवेगळ्या पक्षांत फुटतात म्हणून काँग्रेस निवडून येते, हे त्यांनी ओळखलं. मग त्यांनी मोट बांधायला घेतली. १९६३ मध्ये वेगळ्या द्रविडनाडूची मागणी सोडून दिली. राजाजी आता काँग्रेसबाहेर पडून स्वतंत्र पक्षाचे नेते झाले होते. ज्यांच्या शाळा योजनेविरुद्ध द्रमुकने रान पेटवलं होतं, त्याच राजाजींशी अण्णादुराईंनी हात मिळवला. दुसऱ्या बाजूला मार्क्सवादी कम्युनिस्टांनाही सोबत घेतलं. उजवे, डावे, मुस्लिम लीग, समाजवादी असे सगळे एका जागावाटपात बसवले.

खुर्ची सोडायची योजना

इकडे कामराज यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. १९६२ च्या चीन युद्धाने नेहरूंची प्रतिमा घसरली होती. मे १९६३ मध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुका झाल्या आणि आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया, मिनू मसानी असे काँग्रेसचे कडवे विरोधक निवडून आले. कामराज यांच्या मते दुखणं एकच होतं. काँग्रेसवाले सत्तेत रमले आणि संघटना वाऱ्यावर सोडली.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे कामराज योजना. मोठ्या नेत्यांनी मंत्रिपदं सोडायची आणि पक्षाच्या कामाला लागायचं. नेहरूंना ती पटली. केंद्रातले सहा मंत्री आणि राज्यांचे सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. मंत्र्यांमध्ये मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम आणि मुंबईचे स. का. पाटील होते. मुख्यमंत्र्यांमध्ये पहिलं नाव स्वतः कामराज यांचं होतं. २ ऑक्टोबर १९६३ ला, गांधी जयंतीच्या दिवशी, त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं आणि गादी भक्तवत्सलम यांच्याकडे दिली.

या योजनेकडे दोन नजरांनी बघितलं जातं. एक म्हणजे त्याग. दुसरी म्हणजे मोरारजींसारख्या वारसदारांना बाजूला करायचा डाव. खरं काहीही असो, त्यामुळे कामराज दिल्लीत पोचले. जानेवारी १९६४ च्या भुवनेश्वर अधिवेशनात ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

मे १९६४ मध्ये नेहरू गेले. कामराज यांनी खासदार आणि मुख्यमंत्र्यांशी एकेक करून बोलून मत अजमावलं आणि शास्त्रींच्या नावावर एकमत घडवलं. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले. या वेळी खुद्द कामराज यांनीच पंतप्रधान व्हावं असं त्यांच्या गोटातून पुढे आलं. त्यांनी नकार दिला. हिंदी येत नाही, इंग्रजी धड नाही, अशा माणसाने देश कसा चालवायचा, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी इंदिरा गांधींच्या मागे वजन टाकलं. मोरारजी मतदानाला उभे राहिले आणि ३५५ विरुद्ध १६९ अशा फरकाने हरले.

कामराज, बंगालचे अतुल्य घोष, मुंबईचे स. का. पाटील, म्हैसूरचे निजलिंगप्पा, आंध्रचे संजीव रेड्डी. या मंडळींच्या गटाला पत्रकारांनी सिंडिकेट नाव दिलं होतं. यांची ताकद कशात होती? तर आपापल्या प्रांतात आम्ही सांगू तिकडे मतं पडतात, या विश्वासात. पंतप्रधान कुणीही असो, निवडणूक आली की याच मंडळींच्या दारात यावं लागणार, असं सगळे धरून चालले होते.

हा विश्वास १९६७ मध्ये तुटला.

हिंदी, तांदूळ आणि एक गोळी

मुख्यमंत्रिपद सोडताना कामराज यांना वाटत होतं की सरकार भक्तवत्सलम चालवतील आणि आपण पक्ष बांधू. प्रत्यक्षात पक्षाध्यक्ष म्हणून ते दिल्लीत अडकले. घरी मात्र एकामागून एक आगी लागत गेल्या.

पहिली आग भाषेची. २६ जानेवारी १९६५ पासून हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होणार होती. मद्रास राज्यात कॉलेजची पोरं रस्त्यावर आली. काहींनी स्वतःला जाळून घेतलं. पोलिसांचा गोळीबार झाला, कित्येक जण मेले. सी. सुब्रमण्यम यांनी केंद्रातल्या मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कामराज स्वतः हिंदी लादण्याच्या बाजूचे नव्हते. पण गोळ्या घालणारं सरकार काँग्रेसचं होतं आणि काँग्रेसचे अध्यक्ष ते होते. त्यांच्या शाळांमधून शिकून कॉलेजात गेलेली पहिली मोठी पिढी त्यांच्याच पक्षाविरुद्ध उभी राहिली. विरुधुनगरचे श्रीनिवासन याच आंदोलनातून पुढे आले होते.

दुसरी आग पोटाची. १९६५ आणि १९६६ ही दोन्ही वर्षं दुष्काळाची गेली. तांदूळ मिळेना, मिळाला तर परवडेना. अण्णादुराईंनी घोषणा केली की रुपयात तीन मापं तांदूळ देणं हे आमचं ध्येय, आणि एक माप तर नक्की देणार. ज्या नेत्याचं सगळ्यात मोठं काम पोरांच्या ताटात भात वाढण्याचं होतं, त्याच्याविरुद्ध निवडणूक तांदळावर लढली गेली.

मग १२ जानेवारी १९६७ ला मतदानाला महिना राहिला असताना अभिनेते एम. आर. राधा यांनी एमजीआरवर गोळी झाडली. एमजीआर द्रमुकचे उमेदवार आणि पडद्यावरचे देव. गोळी त्यांच्या मानेत लागली. मानेला पट्टी बांधलेल्या एमजीआरचं पोस्टर राज्यभर लागलं. ते हॉस्पिटलमधून निवडून आले.

पेरियार मात्र या निवडणुकीत कामराज यांच्या बाजूने होते. मुख्यमंत्री झाल्यापासून त्यांनी कामराज यांची पाठराखण केली होती आणि आपल्याच जुन्या शिष्यांविरुद्ध प्रचार केला. त्याचा उपयोग झाला नाही.

२३४ पैकी द्रमुकला १३७ आणि काँग्रेसला ५१ जागा मिळाल्या. मुख्यमंत्री भक्तवत्सलम पडले. लोकसभेला उभे राहिलेले सी. सुब्रमण्यम पडले. राज्यातल्या लोकसभेच्या ३९ जागांपैकी काँग्रेसच्या हाती फक्त ३ लागल्या. आणि विरुधुनगरमध्ये कामराज पडले.

गंमत म्हणजे काँग्रेसला राज्यात सुमारे ४१ टक्के मतं होती, द्रमुकपेक्षा किंचित जास्तच. द्रमुकने मित्रपक्षांना जागा सोडून १७४ च लढवल्या होत्या. पण विरोधी मतं एका पेटीत पडल्यावर काँग्रेसच्या ४१ टक्क्यांची किंमत उरली नाही. पाच वर्षांपूर्वी कांचीपुरमला पडलेल्या माणसाने मांडलेलं गणित बरोबर आलं होतं.

हरल्यावर कामराज काय करतात?

पराभव झाला की मतदारांना दोष द्यायचा, पैसेवाटपाचा आरोप करायचा किंवा आपल्याच लोकांनी पाडलं म्हणायचं, हे राजकारणात नेहमीचं. कामराज यांनी लोकांचा कौल मान्य केला. अण्णादुराईंच्या सरकारला कामाला वेळ द्यायला हवा अशी त्यांची भूमिका होती. आपल्या विजयापेक्षा कामराज यांच्या पराभवाने अण्णादुराई अस्वस्थ झाले आणि त्यांनी कार्यकर्त्यांना त्यावर जल्लोष करू दिला नाही, असंही सांगितलं जातं.

पण माणूस सभ्यपणे हरला म्हणून पक्षाचं नुकसान टळत नाही.

निकाल फक्त मद्रासचा नव्हता. लोकसभेत काँग्रेस ३६१ वरून २८३ वर आली. आठ राज्यांत बहुमत गेलं. दक्षिण मुंबईत केंद्रीय मंत्री स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस या कामगार पुढाऱ्याने पाडलं. मुंबईचा अनभिषिक्त राजा म्हणवला जाणारा नेता मुंबईतच पडला. बंगालमध्ये अतुल्य घोष पडले. सिंडिकेटचे तीन मोठे खांब एकाच निवडणुकीत आणि आपापल्या अंगणात कोसळले.

इंदिरा गांधी आणि कामराज यांच्यात आधीच ताण होता. जून १९६६ मध्ये त्यांनी रुपयाचं अवमूल्यन केलं तेव्हा पक्षाध्यक्षांना विश्वासात घेतलं नव्हतं. तरी मार्च १९६७ मध्ये पंतप्रधानपदाचा प्रश्न आला तेव्हा कामराज यांनीच मध्यस्थी केली. इंदिरा पंतप्रधान आणि मोरारजी उपपंतप्रधान, असा तोडगा निघाला. वरून बघता त्यांचा शब्द अजून चालत होता. पण आता तो एका हरलेल्या माणसाचा शब्द होता. ज्याला स्वतःचं गाव राखता आलं नाही, त्याच्या हातात देशाची मतं आहेत यावर कोण विश्वास ठेवणार? वर्षअखेर त्यांची अध्यक्षपदाची मुदत संपली आणि निजलिंगप्पा अध्यक्ष झाले.

जानेवारी १९६९ मध्ये नागरकोइलची लोकसभेची पोटनिवडणूक लागली. कामराज उभे राहिले आणि सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. दोन वर्षांपूर्वी १,२८५ मतांनी पडलेला माणूस लोकांच्या मनातून उतरला नव्हता. काही दिवसांनीच, ३ फेब्रुवारीला, अण्णादुराई गेले आणि करुणानिधी मुख्यमंत्री झाले. आता काँग्रेसला संधी आहे असं वाटायला जागा होती.

पण त्याच वर्षी दिल्लीत काँग्रेस फुटली. राष्ट्रपतिपदासाठी सिंडिकेटने संजीव रेड्डींना पुढे केलं. इंदिरा गांधींनी १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण करून लोकांना थेट आपल्या बाजूला वळवलं आणि व्ही. व्ही. गिरींना निवडून आणलं. नोव्हेंबरमध्ये त्यांना पक्षातून काढण्यात आलं आणि एकाच्या दोन काँग्रेस झाल्या. कामराज संघटना काँग्रेससोबत गेले. १९६७ मध्ये पाटील, घोष आणि कामराज आपापल्या जागा राखून असते तर त्यांच्याशी उघड भांडण घेणं इंदिरा गांधींना इतकं सोपं गेलं नसतं.

शून्य जागांचा सौदा

खरा घाव १९७१ मध्ये बसला. तमिळनाडूत लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या. इंदिरा गांधींना दिल्लीसाठी खासदार हवे होते, करुणानिधींना राज्य हवं होतं. सौदा ठरला. लोकसभेच्या काही जागा इंदिरा काँग्रेसला आणि त्याबदल्यात विधानसभेची एकही जागा काँग्रेस लढवणार नाही. चार वर्षांपूर्वी ज्या राज्यात पक्षाला सगळ्यात जास्त मतं होती, तिथे पक्षाने विधानसभेच्या रिंगणातूनच माघार घेतली.

कामराज यांच्यासोबत आता राजाजी उभे राहिले. आयुष्यभराचे हे दोन प्रतिस्पर्धी म्हातारपणी एका मंचावर आले. तरी निकाल तसाच लागला. द्रमुकला १८४ आमदार आणि कामराज यांच्या पक्षाला १५. लोकसभेला त्यांच्या पक्षाचा राज्यातून एकच उमेदवार निवडून आला, ते म्हणजे नागरकोइलचे कामराज.

मतं मात्र सुमारे ३५ टक्के होती. म्हणजे दिल्लीने साथ सोडली तरी राज्यातला तिसरा हिस्सा मतदार कामराज यांच्या काँग्रेसला मत देत होता. १९७२ मध्ये एमजीआर द्रमुकमधून बाहेर पडले आणि त्यांनी अण्णाद्रमुक काढला. १९७३ च्या दिंडिगल पोटनिवडणुकीत एमजीआरचा उमेदवार पहिला आला, कामराज यांच्या पक्षाचा दुसरा आणि सत्ताधारी द्रमुक तिसऱ्यावर गेला. विरोधातली मतं हळूहळू एमजीआरकडे सरकायला लागली होती.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. कामराज यांचा तिला विरोध होता. पण शरीर थकलं होतं. २ ऑक्टोबर १९७५ ला मद्रासच्या घरी हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं तोही दिवस गांधी जयंतीचाच होता. अंत्यदर्शनाला इंदिरा गांधी मद्रासला आल्या. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं आणि राज्यातले त्यांचे बहुतेक कार्यकर्ते जी. के. मूपनार यांच्यासोबत इंदिरा काँग्रेसमध्ये परतले.

मग नेमकं गेलं काय?

निवडणूक हरणारे पक्ष परत येतात. द्रमुक १९७७ मध्ये हरला आणि तेरा वर्षं सत्तेबाहेर राहून परत आला. १९७७ मध्येच इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीत पडल्या आणि तीन वर्षांत पंतप्रधान झाल्या. मग तमिळनाडूत काँग्रेसला ते का जमलं नाही?

एक कारण कामराज यांच्याच कामात आहे. त्यांनी गावागावात शाळा काढल्या, खालच्या जातींतली पोरं पुढे आणली. पण त्या पोरांना काँग्रेसमध्ये जागा करून देण्याआधी द्रमुकने त्यांना भाषण करायला, नाटक लिहायला आणि निवडणूक लढवायला शिकवलं. १९६७ मध्ये काँग्रेस पडली ती या पिढीपुढे.

दुसरं कारण १९७१ च्या सौद्यात आहे. हरलेला पक्ष परत उभा राहतो तो पुढची निवडणूक लढून. काँग्रेसच्या दिल्लीने ती लढायचंच सोडलं. खासदार मिळतायत ना, मग राज्य द्रमुकला किंवा अण्णाद्रमुकला, ही सवय तिथून लागली. १९८९ मध्ये मूपनारांच्या नेतृत्वाखाली पक्ष स्वबळावर उतरला तेव्हा २६ जागा मिळाल्या. त्यानंतर पुन्हा वाट्याला येतील तेवढ्या जागांवर लढणं सुरू राहिलं.

आणि ज्यांनी कामराज यांना पाडलं, त्यांनीच त्यांचं काम पुढे नेलं. एमजीआरनी १९८२ मध्ये शाळेतल्या जेवणाची योजना मोठी केली. करुणानिधींच्या सरकारने २००६ मध्ये १५ जुलै, कामराज यांचा वाढदिवस, शिक्षण विकास दिन म्हणून जाहीर केला. दरवर्षी त्या दिवशी तमिळनाडूतल्या शाळांमध्ये पोरं त्यांच्या फोटोला हार घालतात. विरुधुनगरातलं त्यांचं जन्मघर आणि चेन्नईत टी. नगरमधलं भाड्याचं घर आता स्मारकं झाली आहेत. निवडणूक जवळ आली की राज्यातला जवळपास प्रत्येक पक्ष कामराज यांचं नाव घेतो, आणि त्यांचा स्वतःचा पक्ष त्या वेळी आघाडीत किती जागा मिळतात याच्या चर्चेत असतो.